कंपनीच्या आर्थिक मालमत्तेची आणि देण्यांची फेअर व्हॅल्यू कशी काढायची, सुरुवातीपासून ऑडिटरच्या प्रश्नांपर्यंत

वर्षअखेर आली की अकाउंट्समध्ये हा प्रश्न ठरलेला, "या इन्व्हेस्टमेंटची फेअर व्हॅल्यू काय टाकायची?" आणि कुणीतरी लगेच एक्सेल उघडून डीसीएफ (पुढे येणारे पैसे आजच्या किमतीला आणायचा हिशोब) मांडायला घेतं. जरा थांबा. फॉर्म्युला हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो कुणालाही जमतो. खरी डोकेफोड त्याच्या आधी असते, म्हणजे नक्की कशाची किंमत काढतोय, कुठल्या बाजारातली, आणि कुणाच्या नजरेतून. हे तीन ठरले नाहीत तर शीट कितीही देखणी केलीत तरी ऑडिटर पहिल्या दहा मिनिटांत ती परत तुमच्याकडे सरकवणार.

आधी व्याख्या, थोडक्यात. आयएफआरएस 13 हे आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड मे 2011 मध्ये आलं आणि 1 जानेवारी 2013 पासून लागू झालं, भारतातलं इंड एएस 113 त्याच साच्यातलं, आणि अमेरिकेतलं एएससी 820 पण जवळपास तेच सांगतं. मोजणीच्या तारखेला, बाजारातल्या लोकांमध्ये, नेहमीच्या पद्धतीने व्यवहार झाला असता तर मालमत्ता विकून जी किंमत मिळाली असती किंवा देणं दुसऱ्याकडे सोपवायला जी किंमत मोजावी लागली असती, ती फेअर व्हॅल्यू. म्हणजे बाहेर पडायची किंमत. तुम्ही कितीला घेतलं ते नाही, तुमच्या मते त्याची "खरी लायकी" काय ते तर अजिबातच नाही. "आम्ही हा बॉंड विकणारच नाहीये, मुदतीपर्यंत ठेवणारे" हे वाक्य मीटिंगमध्ये दरवेळी कुणीतरी टाकतंच, पण किंमत काढताना तुमच्या इराद्याला काही वजन नाही. किंमत समोरचा देणार, म्हणून डोकं समोरच्याचं वापरायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हाच एक धागा आहे.

पहिली पायरी: यादी करा आणि कशाला फेअर व्हॅल्यू लागते ते बघा

आयएफआरएस 13 "कशी मोजायची" ते सांगतं, "कधी मोजायची" ते दुसरी स्टँडर्ड सांगतात. आर्थिक मालमत्तेसाठी ते काम आयएफआरएस 9 चं, जे 1 जानेवारी 2018 पासून लागू आहे. त्यात तीन कप्पे: अमॉर्टाइज्ड कॉस्ट (मूळ किंमत, व्याज आणि परतफेडीप्रमाणे हळूहळू बदलत जाणारी), फेअर व्हॅल्यू पण बदल ओसीआयमध्ये (नफा-तोट्याच्या बाहेर दाखवायचं इतर उत्पन्न), आणि फेअर व्हॅल्यू पण बदल थेट नफा-तोट्यात. कर्जासारखी मालमत्ता कुठल्या कप्प्यात जाते ते दोन गोष्टींवर ठरतं, तुमचं बिझनेस मॉडेल काय आणि येणारे पैसे फक्त मुद्दल आणि त्यावरचं व्याज आहेत का. शेअर आणि डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या कशाच्या तरी दरावर किंमत ठरणारे करार) या दुसऱ्या चाचणीत बसत नाहीत त्यामुळे ते फेअर व्हॅल्यूतच जातात, शेअरच्या बाबतीत ट्रेडिंगसाठी नसतील तर ओसीआयचा पर्याय सुरुवातीलाच निवडता येतो पण तो नंतर मागे घेता येत नाही.

आणि अमॉर्टाइज्ड कॉस्टवाल्यांनी सुटलो म्हणू नका, त्यांची फेअर व्हॅल्यू नोट्समध्ये द्यावीच लागते. फक्त साध्या अल्पमुदतीच्या येणी-देण्यांसारख्या गोष्टी, जिथे पुस्तकातला आकडाच जवळपास फेअर व्हॅल्यू असतो, तिथे वेगळी मोजणी लागत नाही.

दुसरी पायरी: नक्की काय विकतोय आणि कुठे

प्रत्येक आयटमपुढे लिहा की मोजायचं एकक काय. साधारणपणे एकेक इन्स्ट्रुमेंट. मग त्याचे गुणधर्म: मुदत, व्याज, तारण, आधी परतफेड करायचा हक्क, विक्रीवर बंदी असेल तर ती. बंदीच्या बाबतीत बारीक फरक आहे, बंदी त्या इन्स्ट्रुमेंटलाच चिकटलेली असेल, म्हणजे घेणाऱ्याकडेही ती जाणार असेल, तर तो कमी पैसे देईल म्हणून ती धरायची. बंदी फक्त तुमच्या कंपनीवर असेल, उदाहरणार्थ शेअर कुठल्यातरी बॅंकेकडे गहाण टाकल्यामुळे, तर घेणाऱ्याला त्याचं काय, ती धरायची नाही.

बाजार कुठला? त्या आयटमचा सगळ्यात जास्त व्यवहार जिथे होतो तो मुख्य बाजार, अट एवढीच की तुम्हाला तिथे जाता आलं पाहिजे. समजा एक शेअर दोन एक्स्चेंजवर आहे, एकीकडे रोजचा भरपूर व्हॉल्यूम आणि भाव 210, दुसरीकडे किरकोळ व्यवहार आणि भाव 212. भाव 210 च घ्यायचा. "पण तिकडे दोन जास्त मिळतायत" हा मुद्दा चालत नाही. मुख्य बाजार सापडतच नसेल तरच सगळ्यात फायद्याचा बाजार शोधायचा, आणि गंमत अशी की तो शोधताना ब्रोकरेज वगैरे खर्च वजा करून तुलना करायची पण शेवटी फेअर व्हॅल्यू लिहिताना ते खर्च वजा करायचे नाहीत. नवीन लोक इथे हमखास अडकतात.

तिसरी पायरी: लेव्हल 1 आहे का ते आधी बघा

फेअर व्हॅल्यू हायरार्कीच्या, म्हणजे इनपुट बाजारात किती दिसतात त्यावरच्या उतरंडीच्या, तीन लेव्हल पाठच असतात सगळ्यांना. लेव्हल 1 म्हणजे अगदी त्याच इन्स्ट्रुमेंटचा चालू बाजारातला भाव, काहीही फेरफार न करता. लेव्हल 2 म्हणजे तो भाव नाही पण बाजारात दिसणारे बाकीचे आकडे आहेत, यील्ड कर्व्ह (मुदतीप्रमाणे व्याजदर), स्प्रेड (सरकारी दराच्या वर लागणारं जास्तीचं व्याज), फॉरवर्ड रेट, मिळत्याजुळत्या बॉंडचे भाव. लेव्हल 3 म्हणजे बाजारात न दिसणारे, आपण अंदाजाने बसवलेले इनपुट.

लेव्हल 1 मिळाला तर विषय संपला, किंमत गुणिले संख्या. तुमच्याकडे दहा लाख शेअर आहेत आणि एकदम बाजारात आणले तर भाव कोसळेल हे खरं असलं तरी त्यासाठी सूट कापता येत नाही. बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांच्यात फरक असेल तर त्या पट्ट्यातली जी किंमत सगळ्यात प्रातिनिधिक वाटते ती घ्या, मधला भाव घ्यायची सवय असेल तर तीही चालते, फक्त दरवर्षी तेच करा, फायद्याप्रमाणे बदलू नका.

बाजार झोपलेला असेल तर? 2008 मध्ये हाच वाद पेटला होता, भाव दिसतायत पण ते घाबरून किंवा बळजबरीने विकलेल्यांचे आहेत म्हणून धरू नयेत असं बॅंका म्हणत होत्या. उत्तर असं आहे की व्यवहार कमी झाले एवढ्यावरून भाव टाकून देता येत नाही, तो एकेक व्यवहार जबरदस्तीचा होता का ते तपासायचं, विकणारा दिवाळखोरीत होता का, बाजारात माल दाखवायला पुरेसा वेळ मिळाला का, एकाच गिऱ्हाईकाला विकला का. जबरदस्तीचा नक्की असेल तर त्याला वजन जवळपास शून्य, नीट झालेला असेल तर धरावाच लागतो. मॅनेजमेंटला भाव आवडला नाही म्हणून तो "डिस्ट्रेस्ड" होत नाही.

चौथी पायरी: भाव नसलेला बॉंड, आकड्यांसकट

समजा दर्शनी किंमत 100, वार्षिक कूपन (बॉंडवरचं व्याज) 8 टक्के, तीन वर्षं बाकी, नुकतंच कूपन मिळालंय आणि बाजारात व्यवहार नाही. सरकारी रोख्यांच्या कर्व्हवर तीन वर्षांचा दर 6.5 टक्के. त्याच रेटिंगच्या, साधारण त्याच मुदतीच्या कंपन्यांचा स्प्रेड 2 टक्के. झाले 8.5. त्या दराने 8, 8 आणि 108 आजच्या किमतीला आणले की 98.72 येतात.

आता प्रश्न असा की तुलनेला घेतलेले बॉंड रोज विकले जातात आणि तुमचा नाही, मग घेणारा थोडं जास्त यील्ड मागेलच. तुम्ही अर्धा टक्का जादा धरलात, दर 9 टक्के, किंमत 97.47. हा अर्धा टक्का कुठून आला? तो बाजारात कुठे दिसत नसेल तर तो लेव्हल 3 चा इनपुट. मग अख्खा बॉंड लेव्हल 3 मध्ये जातो का? जो इनपुट एकूण किमतीसाठी महत्त्वाचा आहे त्यातल्या सगळ्यात खालच्या लेव्हलवरून ठरतं. इथे फरक 1.25 चा, म्हणजे सुमारे 1.3 टक्के. माझं मत विचाराल तर एवढ्यावरून मी त्याला लेव्हल 2 मध्ये ठेवीन, पण कारण लिहून ठेवीन आणि "महत्त्वाचा" म्हणजे किती टक्के हे कंपनीच्या पॉलिसीत आधीच ठरवून ठेवीन, कारण आयटम बघून मग रेषा आखली की ती कुणाच्या सोयीची आहे ते लगेच दिसतं.

दोन सापळे इथेच सांगून टाकतो. एक, चालू व्याज. मधल्या तारखेला मोजताना डीसीएफमधून जो आकडा येतो त्यात जमलेलं व्याज आधीच असतं, आणि पुस्तकात ते "येणं व्याज" म्हणून वेगळं पण पडलेलं असतं, दोन्ही धरले की मालमत्ता फुगते. दोन, जोखीम दोनदा मोजणं. थकबाकीच्या भीतीने येणारे पैसेच कमी धरले असतील तर वरून दरात पण तीच जोखीम घालू नका, एकतर ठरलेले पैसे आणि चढा दर, नाहीतर अपेक्षित पैसे आणि त्याला साजेसा दर.

डेरिव्हेटिव्हचं थोडक्यात, कारण बहुतेक कंपन्यांकडे फॉरवर्डच (पुढच्या तारखेला आजच ठरलेल्या दराने चलन घ्यायचे-विकायचे करार) असतात. समजा 10 लाख युनिट परकीय चलन 1.25 ने घ्यायचा करार आहे, सहा महिने बाकी, आणि त्याच तारखेचा आजचा फॉरवर्ड रेट 1.28. फरक 30,000, वर्षाला 6 टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी डिस्काउंट केला की साधारण 29,126. बरेच जण इथे आजचा स्पॉट (लगेचच्या व्यवहाराचा दर) घेऊन बसतात, ते चूक, तुलना त्याच तारखेच्या फॉरवर्डशी. मग समोरची बॅंक किंवा कंपनी बुडायची शक्यता धरून सीव्हीए (त्या जोखमीसाठी किमतीतली कपात), जिथे पैसे आपण देणं लागतो तिथे आपण बुडायच्या शक्यतेसाठी तसाच डीव्हीए. अगदी ढोबळ हिशोब करायचा तर एक्स्पोजर गुणिले बुडायची शक्यता गुणिले बुडाल्यावर होणारं नुकसान. एक्स्पोजर 10, शक्यता 3 टक्के, नुकसान 60 टक्के, तर सीव्हीए 0.18. छोटा असला तरी मोजून बघा आणि मग छोटा म्हणा. आणि जुन्या शीटमध्ये अजून लायबोर (बॅंकांमधला जुना संदर्भ व्याजदर) बसलेला असेल तर तो आधी काढा, डॉलरच्या मुख्य मुदतींचा लायबोर 30 जून 2023 नंतर बंद झाला, तिथे आता सोफर हा दर आहे.

पाचवी पायरी: लिस्ट नसलेल्या कंपनीतले शेअर

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात म्हणून जरा थांबून बघू. तुमचा 10 टक्के हिस्सा आहे. कंपनीचा एबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) 50, कर्ज 130, रोख 20. त्याच धंद्यातल्या पाच लिस्टेड कंपन्यांचे ईव्ही टू एबिट्डा मल्टिपल (कर्जासकट अख्ख्या धंद्याची किंमत, म्हणजे ईव्ही, एबिट्डाच्या किती पट) 7.5, 8, 8.4, 9.1 आणि 14. हे 14 बघून कुणाच्याही डोळ्यात चमक येते, पण शोध घेतला तर कळतं की त्या कंपनीसाठी टेकओव्हरची बोली लागलीये, भावात ताब्याचं प्रीमियम बसलंय आणि तुमच्या 10 टक्क्यांत कसलाच ताबा नाही. ती बाजूला. उरलेल्या चारांचा मध्य 8.2.

ईव्ही 50 गुणिले 8.2, म्हणजे 410. निव्वळ कर्ज 110 वजा, इक्विटी 300. शेअर सहज विकता येत नाही म्हणून 20 टक्के सूट, 240. तुमचा हिस्सा 24.

आता हेच हलवून बघा. मल्टिपल 7.5 धरला तर हिस्सा 21.2, 9.1 धरला तर 27.6. सूट 15 टक्के केली तर 25.5, 25 टक्के केली तर 22.5. मल्टिपल साडेआठ टक्क्यांनी उतरला तर हिस्सा जवळपास पावणेबारा टक्क्यांनी उतरतो, कारण कर्जाचा आकडा जागचा हलत नाही, सगळा फटका इक्विटीला. कर्जबाजारी कंपनीत हिस्सा असेल तर हे आधीच मॅनेजमेंटला दाखवून ठेवा, नाहीतर एखाद्या वर्षी आकडा धाडकन पडला की तुमच्या मॉडेलवरच संशय.

आणि 20 टक्के सूट का, 18 का नाही? "इंडस्ट्रीत एवढीच घेतात" हे उत्तर पुरत नाही. यावर सगळ्यात चांगला उपाय कॅलिब्रेशन. तुम्ही हिस्सा घेतला त्या दिवशी दिलेली किंमत जर फेअर व्हॅल्यू होती तर त्या दिवशीचे मल्टिपल आणि कर्ज टाकून उलटा हिशोब करा, किती सूट धरली की तुमची किंमत जुळते ते निघेल. तीच सूट सुरुवातीचा बिंदू, पुढे बदलायची तर काय बदललं ते लिहायचं. अलीकडे त्याच कंपनीत नवीन गुंतवणूकदार आला असेल तर त्याचा भाव सोन्यासारखा, पण त्याला मिळालेले शेअर आणि तुमचे शेअर एकाच वर्गाचे आहेत का ते आधी बघा. त्याला पैसे परत मिळण्यात पहिला नंबर असेल तर त्याचा भाव तुमच्या साध्या शेअरला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

"माहितीच नाही म्हणून कॉस्टवरच ठेवलंय" हा जुना मार्ग. आयएफआरएस 9 मध्ये कॉस्ट ही फेअर व्हॅल्यूचा योग्य अंदाज असू शकते, पण मोजक्याच परिस्थितीत. कंपनीने बजेट गाठलं नाही, बाजार हलला, नवीन पैसे वेगळ्या भावाने आले, यातलं काही झालं असेल तर कॉस्टच्या मागे लपता येत नाही.

सहावी पायरी: देणी

देण्याची फेअर व्हॅल्यू म्हणजे ते आज मिटवायला किती लागेल ते नाही. ते देणं तुमच्यासारखीच पत असलेल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं तर किती द्यावे लागतील, असं धरायचं. त्यासाठी सोपा रस्ता म्हणजे टेबलाच्या पलीकडे जाऊन बसा, ज्याच्याकडे हे तुमचं देणं मालमत्ता म्हणून पडलंय तो ते कितीला विकेल ते बघा. एक अपवाद लक्षात ठेवा, मागितल्याबरोबर द्यायच्या ठेवीसारख्या देण्याची फेअर व्हॅल्यू मागणीवर द्यायच्या रकमेपेक्षा कमी दाखवता येत नाही.

तुमची स्वतःची पत पण यात येते, आणि त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. समजा कर्ज 100, ठरलेलं व्याज 7 टक्के, दोन वर्षं बाकी, आणि तुम्ही ते सुरुवातीलाच फेअर व्हॅल्यूला नेमलंय, म्हणजे फेअर व्हॅल्यूने मोजायचं ठरवलंय. घेतलं तेव्हा मूळ बाजारदर 5 आणि तुमचा स्प्रेड 2. आज मूळ दर 6 झालाय आणि तुमची हालत खराब म्हणून स्प्रेडही 6, एकूण 12. 7 आणि 107 हे 12 टक्क्यांनी आणले की 91.55. म्हणजे कंपनी डबघाईला येतीये आणि पुस्तकात 8.45 चा फायदा! 2008 च्या सुमारास मोठमोठ्या बॅंकांनी असे फायदे दाखवले आणि लोकांनी डोक्याला हात लावला. म्हणून आयएफआरएस 9 मध्ये अशा नेमलेल्या देण्यांसाठी पतीमुळे झालेला बदल साधारणपणे ओसीआयमध्ये टाकायचा, आणि तो नंतर नफा-तोट्यात वळवायचा नाही.

वेगळा कसा काढायचा? आजचा मूळ दर 6 आणि जुनाच स्प्रेड 2, म्हणजे 8 टक्क्यांनी काढा, 98.22 येतात. 100 वरून 98.22, हा 1.78 बाजारदरामुळे, तो नफा-तोट्यात. 98.22 वरून 91.55, हा 6.67 तुमच्या पतीमुळे, तो ओसीआयमध्ये. ही पद्धत तेव्हाच चालते जेव्हा मूळ दर आणि पत सोडून तिसरं काही मोठं बदललेलं नसतं. कर्जात एखादा एम्बेडेड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे करारातच दडलेला डेरिव्हेटिव्ह, असेल तर तो वेगळा काढून मग हे करायचं.

पहिल्या दिवसाचा घोळ

दिलेली किंमत आणि मॉडेलची किंमत पहिल्याच दिवशी जुळत नसेल तर आधी कारण शोधा. व्यवहार ग्रुपमधल्याच कंपनीशी होता का, विकणाऱ्याला घाई होती का, किमतीत आणखी कसला मोबदला दडलाय का. कर्मचाऱ्याला किंवा ग्रुप कंपनीला बिनव्याजी दिलेलं कर्ज हे नेहमीचं उदाहरण, दिलेले 100 असले तरी कर्जाची फेअर व्हॅल्यू कमीच येणार आणि वरचा भाग दुसऱ्याच कशाचा तरी असतो. खरा फरक उरलाच तर लेव्हल 1 किंवा फक्त बाजारात दिसणारे इनपुट वापरले असतील तेव्हाच तो लगेच नफा-तोट्यात घ्यायचा. लेव्हल 3 चं मॉडेल असेल तर तो फायदा पुढे ढकलायचा.

सातवी पायरी: कागद

वर्किंग पेपरमध्ये मला प्रत्येक आयटमचं एक पान आवडतं: काय आहे, बाजार कुठला, लेव्हल कुठली आणि का, पद्धत, प्रत्येक इनपुटचा आकडा, तो कुठून आला, कुठल्या तारखेचा. तारीख महत्त्वाची, वर्षअखेर 31 तारखेची आणि यील्ड कर्व्ह 20 तारखेचा असे पेपर सर्रास सापडतात. आणि बॅलन्सशीटनंतर कळलेली गोष्ट त्या तारखेला बाजाराला माहीत असू शकत होती का, एवढंच विचारायचं, नसेल तर ती आकड्यात येत नाही.

बाहेरच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट घेतला म्हणजे जबाबदारी त्याची झाली असं नाही, आकडा कंपनीचाच. त्याला तुम्ही दिलेले प्रोजेक्शन आणि बोर्डाने मंजूर केलेलं बजेट एकच आहे का हे ऑडिटर नक्की तपासतो. ब्रोकरने पाठवलेला भावही असाच, त्या भावाला तो खरंच घ्यायला तयार आहे की नुसताच सूचक आकडा आहे ते विचारा.

नोट्समध्ये लेव्हल 3 ला सगळ्यात जास्त जागा लागते: सुरुवातीच्या शिलकेपासून शेवटच्या शिलकेपर्यंतचा हिशोब, खरेदी, विक्री, फायदा-तोटा आणि लेव्हलमध्ये आत-बाहेर झालेले आयटम, न दिसणाऱ्या इनपुटचे आकडे, आणि ते बदलले तर काय होईल. वरच्या उदाहरणात 21.2 आणि 27.6 काढून ठेवले होते ते इथे कामी येतात.

मग पुढच्या वर्षभरात यातलं काही विकलं गेलं की मिळालेली किंमत आणि शेवटची फेअर व्हॅल्यू शेजारी शेजारी मांडा. फरक दरवेळी एकाच बाजूला पडत असेल तर सूट किंवा स्प्रेड बदला, आणि त्या बदलाची नोंद कारणासकट त्याच पानावर करा, स्टँडर्ड याला अंदाजातला बदल समजतं त्यामुळे मागचे आकडे उकरायची गरज पडत नाही.